स्वतःला नांगरणारी माती

भारी जमिनीचा शेतकरी आभाळाकडे बघतो तेवढाच पायाखालीही बघतो. पाऊस पडून गेला की ‘किती पडला’ यापेक्षा ‘वाफसा कधी येणार’ हा प्रश्न त्याच्या मनात आधी येतो. माळावरच्या हलक्या रानात दुसऱ्या दिवशी औत चालतं. आमच्या काळ्या वावरात चार दिवस, कधी आठ दिवस नुसतं धुऱ्यावर उभं राहून वाट बघावी लागते. पाऊल टाकलं की माती चपलेला धरते, थोडं पुढं गेलं की चप्पल हातात घ्यावी लागते. वखर घातला तर पासेवर चिखल बसतो आणि बैल मान टाकतात. त्यानंतर दोन-तीन दिवस कडक ऊन पडलं की त्याच चिखलाची अशी ढेकळं होतात की कुदळीच्या घावानंही नीट फुटत नाहीत. वाफसा या दोन टोकांच्या मधे येतो आणि फार थोडा वेळ थांबतो.

परभणीकडचं, दुधना नदीच्या बाजूचं आमचं वावर असं आहे. दादा, म्हणजे माझे वडील, वाफसा हातानं ओळखायचे. वीतभर खोलीवरची माती उकरून मुठीत दाबायची, तिचा लाडू वळायचा, आणि छातीच्या उंचीवरून तो खाली सोडायचा. पडून चपटा झाला तर अजून थांबायचं, पडल्यावर भुगा झाला तर औत जुंपायचं. मातीशी बोलण्याची ही आमच्या घरातली पहिली रीत मला ठाऊक आहे, आणि ती मला अजून पुरते. पण त्या लाडवाच्या निकालानंतर औत जुंपायचंच, हे मात्र मी आता गृहीत धरत नाही. आमच्या वावराच्या एका पट्ट्यात नांगर, रोटाव्हेटर, वखर यांतलं काहीच जात नाही. तिथं माती उघडी पडू द्यायची नाही, आणि पावसाळाभर तिच्यात कुणाची तरी जिवंत मुळं असली पाहिजेत, एवढे दोनच नियम आहेत. भारी जमिनीविषयी मी जे काही शिकलो आहे त्यातला मोठा भाग त्या पट्ट्यानं शिकवला.

ही माती मुळात आहे कोण, हे आधी समजून घ्यावं लागतं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थरावर थर पसरले. त्याचा काळा पाषाण झाला, तो ऊनपावसात झिजला, आणि झिजून जी चिकणमाती झाली ती खोऱ्याखोऱ्यांतून साठत गेली. या चिकणमातीचा कण इतका बारीक असतो की साध्या सूक्ष्मदर्शकालाही तो धड दिसत नाही. त्याची घडण थरांची, वहीच्या पानांसारखी. पाणी आलं की ते दोन पानांच्या मधे शिरतं आणि वही फुगते, पाणी गेलं की पानं मिटतात. स्मेक्टाईट म्हणतात त्या या खनिजाच्या एका ग्रॅममधल्या सगळ्या पानांचं क्षेत्रफळ काढलं तर ते सातशे-आठशे चौरस मीटरपर्यंत जातं. चिमूटभर मातीत एवढी जागा आहे, आणि तिथं पाणी आणि अन्नद्रव्यं धरून ठेवलेली असतात. म्हणून तर मीटरभर खोल काळी जमीन पिकाच्या कामी येईल असं सुमारे २०० मिलिमीटर पाणी पोटात ठेवते, आणि मंगळवेढ्याच्या रानात पाऊस सरल्यावर पेरलेली ज्वारी नुसत्या ओलीवर हिवाळा काढून कणसात येते.

मिटण्याची आणि फुगण्याची ही ताकद उन्हाळ्यात डोळ्यांना दिसते. एप्रिलमध्ये आमच्या वावराला भेगा पडतात. काही इतक्या रुंद असतात की वासराचा पाय अडकावा, आणि काठी खाली सोडली तर हात टेकेपर्यंत आत जाते. वरची भुसभुशीत माती, काडीकचरा, शेळ्यांच्या लेंड्या, गवताचं बी असं सगळं वाऱ्यानं आणि पायांनी त्या भेगांत पडतं. मृगाचा पाऊस भेगांमधून थेट खाली उतरतो, माती खालून फुगायला लागते, आत पडलेल्या मातीमुळं जागा पुरत नाही, आणि खालची माती तिरकी सरकत वर ढकलली जाते. खड्डा खणला तर तीन-चार फुटांवर या सरकण्याचे गुळगुळीत, चकाकते पृष्ठभाग हाताला लागतात. वरची माती खाली आणि खालची वर, वर्षानुवर्षं, शतकानुशतकं. नांगराचा फाळ जे वीतभर खोलीत करतो तेच ही माती पुरुषभर खोलीपर्यंत स्वतः करते, सावकाश, डिझेलचा एक थेंब न जाळता.

ही गोष्ट आपल्या जुन्या शेतकऱ्यांना पक्की ठाऊक असावी, असं मला त्यांच्या अवजारांकडे बघून वाटतं. वऱ्हाडात आणि मराठवाड्यात कापूस-ज्वारीच्या काळ्या रानात वर्षानुवर्षं फक्त वखर चालत असे. वखराची पास दोन-चार बोटं माती खरवडते, तण कापते आणि वरचा थर मोकळा करते. खालच्या थराला ती हात लावत नाही. लाकडी मोठा नांगर बाहेर निघे तो कुंदा, हराळी यांसारख्या चिवट गवतानं रान दाबलं म्हणजेच, आणि तेही काही वर्षांतून एकदा. त्याला चार-चार, सहा-सहा बैलजोड्या लागत, गावातल्या चार घरांनी सावड करून हे काम उरकायचं. नांगरट हा उपचार होता. आज जसा तो दरवर्षीचा रिवाज आहे, तसा तो नव्हता.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये बेळगावात लोखंडी नांगर घडवला, तेव्हा लोखंडानं माती विषारी होईल म्हणून शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते, असं सांगतात. पुढं त्याच नांगरानं हराळीनं गिळलेली हजारो एकर रानं मोकळी केली, हे उपकार मान्य केलेच पाहिजेत. पण ट्रॅक्टर आला आणि जे कष्टाचं होतं ते सोपं झालं. सोपं झालं म्हणून दरवर्षीचं झालं. सोयाबीन निघालं की रोटाव्हेटर, हरभरा निघाला की पलटी नांगर, पावसाच्या तोंडावर मोगडा, परत रोटाव्हेटर. रोटाव्हेटरची पाती वरच्या चार-पाच इंचांचं पीठ करतात आणि त्याच्या बरोबर खाली, जिथं पाती घासत जातात तिथं, एक कठीण थर तयार करतात. ट्रॅक्टरचं वजन तो थर आणखी दाबतं. मग सोयाबीनची सोटमुळं त्या थरापाशी येऊन आडवी वळतात. ऑगस्टमध्ये पंधरा दिवस पावसानं ओढ दिली की झाडं माना टाकतात, आणि खाली हातभर अंतरावर भरपूर ओल असूनही त्यांना ती मिळत नाही. उपटलेल्या झाडाचं ते काटकोनात वळलेलं मूळ हातात धरून पाहिलं की पोटात कालवतं. पाणी होतं, वाट नव्हती.

काळा रंगही आपल्याला फसवतो. काळी म्हणजे सकस असं आपण लहानपणापासून ऐकतो. प्रत्यक्षात मराठवाड्याच्या काळ्या जमिनींचा माती परीक्षणाचा कागद उघडला तर सेंद्रिय कर्ब बहुतेक वेळा अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याच्या खाली असतो. रंग खनिजांचा आणि चिकणमातीला घट्ट बिलगलेल्या थोड्याशा ह्यूमसचा आहे. कर्बाची श्रीमंती त्या रंगात नाही. माती उलथली की तिच्यात हवा खेळते, सूक्ष्म जीव जोमात येतात आणि साठलेला कर्ब भराभर खाऊन हवेत सोडतात. त्याच वेळी पिकाला नत्राचा एक झटका मिळतो, पीक हिरवंगार दिसतं, आणि नांगरटीचा गुण आला असं वाटतं. तो गुण ठेव मोडून आलेला असतो. उघड्या, पीठ झालेल्या काळ्या रानावर वळवाचा पहिला थेंब पडतो तेव्हा मातीचे बारीक दाणे फुटून वरची छिद्रं बुजतात, आणि उतारावरून जे पाणी निघतं ते चहाच्या रंगाचं असतं. जूनमधला कुठलाही ओढा बघावा. आपलं वावर वाहून चाललेलं असतं.

हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही संशोधन संस्था आहे. तिथल्या काळ्या जमिनीवर १९७६ पासून एक प्रयोग सलग चालवला गेला. एका भागात जुनी रीत होती, पावसाळाभर रान उघडं ठेवायचं आणि रब्बीत एक पीक घ्यायचं. दुसऱ्या भागात रुंद वरंबा-सरी पाडली. ते वरंबे वर्षानुवर्षं जागच्या जागी ठेवले, पावसाळ्यातही पीक घेतलं आणि सुधारित बियाणं व खतंही दिली. जुन्या रीतीत हेक्टरी सरासरी टनभर धान्य आलं, नव्या रीतीत पाच टनांच्या आसपास. यात खताचा आणि बियाण्याचा वाटा आहेच. पण पावसाळ्यात हिरवं असलेलं रान आणि उघडं पडलेलं रान यांत केवढा फरक पडतो, हे तिथं अनेक दशकं मोजून पाहिलेलं आहे.

आमच्या पट्ट्यात पहिल्या पावसावर ताग पेरतो. बी दाट टाकायचं. आठवड्यात रान हिरवं होतं, महिन्यात कमरेला लागतं आणि दीड महिन्यात पिवळ्या कळ्या दिसू लागतात. त्या सुमाराला एक झाड हळूच, मातीसकट उकरून काढावं. पाण्यात धुवावं. मुळांवर बारीक गाठी दिसतात, काही हरभऱ्याएवढ्या, काही फांद्या फुटल्यासारख्या. नखानं एक गाठ चिरली की आत गुलाबी-लाल रंग असतो, ताज्या जखमेचा. हा रंग दिसला म्हणजे आतले जिवाणू हवेतला नत्र धरण्याच्या कामावर आहेत. आत हिरवट किंवा राखाडी निघालं तर गाठ थकलेली आहे. मी दरवर्षी हे बघतो आणि दरवर्षी मला तो रंग बघून आनंद होतो. युरियाच्या गोणीशिवाय, कुणाच्या रांगेत उभं न राहता, हा कारखाना माझ्या वावरात चालू असतो.

ताग गाडायचा, हा सगळीकडचा सल्ला. आम्ही गाडत नाही. कळी अवस्थेत जमिनीलगत कापतो आणि जागेवरच आडवा टाकतो. मुळं खालीच राहतात. ती कुजतात आणि त्यांच्या जागी पेन्सिलीएवढ्या, सुतळीएवढ्या उभ्या नळ्या उरतात. पुढच्या पावसाचं पाणी त्याच नळ्यांतून उतरतं, हवा तिथूनच आत जाते आणि रब्बीच्या ज्वारीची मुळं त्याच आयत्या वाटेनं खाली जातात. नुसता ताग लवकर कुजून जातो, म्हणून त्यात थोडी बाजरी मिसळतो. तिचं काड चिवट, ते मातीवर टिकतं. अळ्यांचा जोर असेल त्या वर्षी चवळी घेत नाही, नाहीतर तीही असते. भाद्रपद संपता संपता बायका कापलेल्या काडातून बोटभर जागा करत ज्वारी टोबतात. काड हातानं बाजूला केलं की खाली माती ओली, गार आणि रवाळ असते. तिच्यात पांढऱ्या बुरशीचे धागे पसरलेले असतात आणि गांडुळांनी टाकलेल्या मातीच्या बारीक गोळ्या दिसतात. मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी या पट्ट्यातून चालता येतं, चप्पल न काढता. शेजारच्या नांगरलेल्या वावरात तेव्हा पाऊल घोट्यापर्यंत जातं. मुळांनी आणि बुरशीनं बांधलेली माती भार पेलते.

एवढं सगळं मला एकट्याला सुचलेलं नाही. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर यांनी सूक्ष्मजीवशास्त्राचा अभ्यास करत, स्वतःच्या उसा-भाताच्या शेतीत नांगरणी सोडली आणि त्यावर मराठीत सातत्यानं लिहिलं. मागच्या पिकाची जमिनीखालची मुळं आणि खोडकी हेच पुढच्या पिकाचं उत्तम खत, हा त्यांचा मुद्दा वाचला तेव्हा मी धसकटं वेचून पेटवण्याच्या आमच्या उन्हाळी कामाकडे प्रथम वेगळ्या नजरेनं बघितलं. नेरळच्या सगुणा बागेतल्या चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी जी पद्धत बसवली, तिच्यात गादीवाफे एकदाच करायचे, पुढं नांगरणी नाही, चिखलणी नाही आणि मुळं जमिनीतच ठेवायची. ती पद्धत पुढं कापूस, मका, सोयाबीन घेऊन आमच्याकडच्या काळ्या रानांतही आली. दूरच्या ओहायोत, कॅरॉल गावी, डेव्हिड ब्रँट नावाचे शेतकरी होते. चिकणमातीच्या जमिनीत त्यांनी १९७१ पासून नांगर थांबवला आणि १९७८ पासून आच्छादन पिकं घेतली. २०२३ मध्ये ते वारले तेव्हा जगभरच्या शेतकऱ्यांनी हळहळ व्यक्त केली. त्यांच्याकडे आच्छादनासाठी पेरलेल्या मुळ्याचे जाडजूड कंद हिवाळ्याच्या गोठवणाऱ्या थंडीत मरून जमिनीत भोकं पाडतात. आपल्याकडे ती थंडी नाही. आपल्याकडे ते काम विळ्यानं आणि उन्हानं करायचं.

विळ्याचा विषय आला म्हणून सांगायला हवं. नांगर सोडला की तण हा पहिला अडसर असतो, आणि या वाटेवरच्या अनेकांनी त्यासाठी तणनाशक जवळ केलं आहे, ग्लायफोसेटसुद्धा. शंभर-दोनशे एकरांचा हिशेब घेऊन बसलेल्याला मी उपदेश करणार नाही. मजूर मिळत नाहीत हे खरं आहे. आमचा पट्टा लहान आहे, तिथं ताग दाट पेरून आणि वेळेवर कापून बरंचसं तण दबतं, उरलेलं खुरप्यानं निघतं. लव्हाळा मात्र दाद देत नाही. हराळी धुऱ्याकडून चालत येते, तिला दरवर्षी थोपवावं लागतं.

अडचणी इथं संपत नाहीत. कोरडवाहू मराठवाड्यात काडाला दोन दावेदार असतात, एक माती आणि दुसरी गोठ्यातली जनावरं. दुष्काळाच्या वर्षी कडबा वावरात पसरून ठेव असं कुणाला सांगायची माझी तरी जीभ रेटत नाही. म्हणून ज्वारीचा कडबा गोठ्याला आणि ताग, तुरीचा पाला, सोयाबीनची गुळी मातीला, अशी वाटणी आम्ही ठरवली आहे. पीक निघालं की गावची गुरं मोकळी सुटतात, ती आच्छादन खाऊन जातात. शेजाऱ्यापाजाऱ्यांशी गोडीनं बोलून घ्यावं लागतं. चाळीस अंशांच्या उन्हात वाळवी काड फस्त करते. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिवकडे शंखी गोगलगायींनी सोयाबीनची रोपं खाऊन वावरं मोकळी केली. ओल्या काडाखाली त्यांना आसरा मिळतो, तेव्हा तिथं रोज संध्याकाळी फिरून त्या वेचाव्या लागतात. शिवाय सुरुवातीची दोन-तीन वर्षं उतारा वाढत नाही, कधी कमीच येतो. दाबलेली माती मोकळी व्हायला, गांडुळं परतायला तेवढा काळ जातो. आणि जिथं कठीण थर फार जाड झाला आहे तिथं आधी एकदा सबसॉयलरनं तो फोडून घेणं, आणि मगच नांगर थांबवणं शहाणपणाचं.

सर्वांत अवघड अडचण मात्र धुऱ्यावर उभी असते. आपल्या गावात नांगरलेलं, काळंभोर, काडी नसलेलं वावर ही घराची अब्रू आहे. न नांगरलेलं वावर म्हणजे मालक आळशी, नाहीतर कर्जात. आमच्या शेजारचे आबा, वयानं ऐंशीच्या घरातले, पहिल्या उन्हाळ्यात थांबून म्हणाले, “काय रे, यंदा वावर पडीक टाकलं का? पैसे नव्हते तर सांगायचं होतं, ट्रॅक्टर दिला असता मी.” त्या शब्दांत टोमणा नव्हता, माया होती, म्हणून उत्तर देणं जास्त जड गेलं. मी त्यांना आखाड्यावर बोलावलं. दोन ग्लासांत पाणी घेतलं. एकात त्यांच्या वावरातलं वाळलेलं ढेकूळ सोडलं, दुसऱ्यात आमच्या पट्ट्यातलं. त्यांचं ढेकूळ बुडबुडे सोडत पसरलं आणि चहा पिऊन होईतो ग्लासात नुसता गढूळ काला उरला. आमचं ढेकूळ कडेनं थोडं झडलं, पण बाकीचं तळाशी तसंच बसून राहिलं, आणि वरच्या पाण्यातून ग्लासाची मागची बाजू दिसत होती. आबा बराच वेळ दोन्ही ग्लास उजेडाकडे धरून फिरवत राहिले. मग म्हणाले, “आमच्या बापाच्या वेळी नुसता वखरच असायचा. नांगर कुंद्यासाठी काढायचे.”

त्यांच्या तोंडून ते ऐकलं आणि मला माझ्या पट्ट्याचं नातं कळलं. मी परदेशातून काही आणलेलं नव्हतं. काळ्या मातीत नांगर कधी घालायचा आणि कधी नाही याचं जे तारतम्य इथल्या शेतकऱ्यांपाशी होतं, ते ट्रॅक्टरच्या सोयीत आपल्या हातून सुटलं होतं. ताग, मुळं आणि आच्छादन यांची जोड देऊन तेच पुन्हा हातात घ्यायचं आहे. नांगराशी माझं वैर नाही. कुंद्यानं दाबलेल्या रानाला तो लागेल, चिणलेल्या थराला लागेल. माझं म्हणणं इतकंच आहे की तो दरवर्षी बाहेर काढण्याआधी कारण विचारावं. ‘सगळे घालतात’ हे कारण नाही. ‘वावर चांगलं दिसतं’ हेही नाही. आणि कारण सापडलं नाही तर त्या वर्षीच्या नांगरटीचे पैसे बाजूला काढून त्यात ताग, बाजरी, चवळीचं बी आणावं आणि भारी रानाचा एक पट्टा, अगदी धुऱ्याकडचा का होईना, तीन वर्षं मातीवरच सोपवावा. साडेसहा कोटी वर्षांच्या पाषाणातून आलेली ही माती आहे. आपण तिला खाऊ घातलं, झाकून ठेवलं आणि मधे मधे हात घालणं थांबवलं, तर उरलेलं काम तिला येतं.